एका शिकारी रायफलीची लोकप्रियता

शासकीय सेवेच्या आरंभीच्या काळात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका उपविभागात माझी नेमणूक झाली होती. निवडणुका जाहीर झाल्या, की परवानाधारकांकडील शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. अशाच एका निवडणुकीच्या तोंडावर मी ठाण्याच्या ओसरीत बसून नोंदवही तपासत होतो. समोरच्या भिंतीला टेकून वीस-पंचवीस बंदुका ओळीने उभ्या केल्या होत्या. बहुतेक सगळ्या पिकांच्या रक्षणासाठी दिलेल्या साध्या नळीच्या. रायफली तीन-चारच होत्या, आणि त्या सर्व एकाच जातीच्या, म्हणजे ईशापूरच्या सरकारी कारखान्यात घडलेल्या, परवान्यावर ज्यांची नोंद '.३१५' अशी केली जाते त्या. त्यांपैकी एक रायफल घेऊन आलेल्या वृद्ध शेतकऱ्याला मी सहज विचारले, "बाबा, याहून चांगल्या रायफली असतात म्हणे. मग हीच का घेतली?" माझ्या अज्ञानाची कीव आल्यासारखे त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो म्हणाला, "साहेब, इचे काडतुसं भेटतात."

एवढेच त्याचे उत्तर. पण शस्त्रांच्या इतिहासावरील जाडजूड ग्रंथांतून जे सहसा हाती लागत नाही, ते या उत्तरात होते. ग्रंथकार गोळीचा वेग सांगतात, पल्ला सांगतात, यंत्ररचनेचे गुणदोष मांडतात. एखादी रायफल लाखो लोकांनी का उचलली आणि तिच्याहून सरस असलेली दुसरी दुकानाच्या कपाटातच का राहिली, हा प्रश्न मात्र यंत्रशास्त्राचा नसून समाजाच्या इतिहासाचा आहे. त्याचा उलगडा करण्यास साठ-सत्तर वर्षे अखंड लोकप्रिय राहिलेल्या एका रायफलीचे उदाहरण घेणे बरे. ही रायफल आपल्या देशातील नव्हे, अमेरिकेतील आहे. विंचेस्टर कंपनीने इ. स. १८९४ मध्ये ती बाजारात आणली आणि त्या सालावरूनच तिचे नाव पडले. आजवर सत्तर लाखांहून अधिक 'विंचेस्टर ९४' तयार झाल्या. शिकारीच्या दुसऱ्या कोणत्याही रायफलीला इतका मोठा आकडा क्वचितच गाठता आला असेल.

या कंपनीचा मूळ पुरुष ऑलिव्हर विंचेस्टर. तो बंदूकवाला नव्हता. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन या गावी सदरे शिवण्याचा त्याचा कारखाना होता. त्या धंद्यात मिळालेला पैसा त्याने शस्त्रांच्या धंद्यात घातला. बेंजामिन टायलर हेन्री या त्याच्या कारागिराने १८६० मध्ये एकामागून एक गोळ्या झाडणारी रायफल सिद्ध केली, आणि पुढे १८६६ मध्ये विंचेस्टरच्या नावाची कंपनी उभी राहिली. सदऱ्यांच्या व्यापारातून आलेल्या या माणसाला एक गोष्ट उपजतच कळत असावी. राजासाठी शिवलेला एक अंगरखा आणि हजारो सामान्य माणसांच्या अंगाला बसणारे हजार सदरे, या दोन निरनिराळ्या कला आहेत. इंग्लंडमधील नामांकित बंदूककार पहिल्या कलेत निष्णात होते. ते गिऱ्हाइकाच्या हाताचे आणि खांद्याचे माप घेऊन बंदूक घडवीत. विंचेस्टरने दुसरा मार्ग धरला.

त्याच्या १८७३ सालच्या रायफलीला मोठी कीर्ती लाभली खरी, पण तिची यंत्ररचना नाजूक होती. पिस्तुलाच्या तोडीची लहान काडतुसेच तिला मानवत. ऑलिव्हर विंचेस्टर १८८० मध्ये वारला. त्यानंतर तीन वर्षांनी त्याचा जावई आणि कंपनीचा कारभारी टी. जी. बेनेट हा न्यू हेवनहून युटा प्रांतातील ऑग्डेन या दूरच्या गावी गेला. तेथे जॉन मोझेस ब्राउनिंग नावाचा एक तरुण बंदूककार आपल्या भावांसह लहानसे दुकान चालवीत होता. त्याने घडवलेल्या एकबारी रायफलीचे हक्क बेनेटने आठ हजार डॉलर देऊन घेतले. येथून जो संबंध जुळला तो एकोणीस वर्षे टिकला, आणि त्या अवधीत ब्राउनिंगने चाळीसहून अधिक रचना या कंपनीला विकल्या. पुढे १९०२ मध्ये मोबदल्याच्या प्रश्नावर दोघांचे फाटले, पण तोवर कंपनीच्या भाग्याचा पाया घातला गेला होता. १८९४ ची रायफल ही त्याच ब्राउनिंगची कृती.

तिची रचना शब्दांत सांगणे कठीण, तरी थोडक्यात सांगतो. चापाभोवती जी लोखंडी कडी असते ती या रायफलीत लांबट करून तिचाच दांडा केला आहे. हा दांडा खाली-पुढे ढकलला, की काडतुसामागचा दट्ट्या मागे सरकतो, रिकामी पितळी पुंगळी वर उडून बाहेर पडते आणि घोडा आपोआप चढतो. दांडा परत ओढून घेतला, की नळीखालच्या लांब नळकांड्यातून आलेले नवे काडतूस उचलले जाऊन जागेवर बसते आणि दट्ट्याच्या पाठीशी पोलादी ठोकळा उभा राहून त्याला घट्ट अडसर घालतो. बार उडताना मागे येणारा धक्का हा ठोकळा झेलतो. ब्राउनिंगची खरी करामत अशी, की दांडा खाली जाताना यंत्राचा तळभागही त्याबरोबर खाली उतरतो. त्यामुळे लांब काडतुसाला जागा मिळते, आणि तरीही मिटलेल्या स्थितीत रायफलीचा सांगाडा सडपातळच राहतो. आधीच्या रायफलींत जी मजबूत होती ती जड होती, आणि जी हलकी होती ती दुर्बल होती. या रायफलीने दोहोंचा मेळ घातला.

परंतु चांगल्या यंत्राला चांगली वेळही साधावी लागते. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय या रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये धूर न करणारी दारू शोधून काढली होती, आणि दहा वर्षांच्या आत युरोपातील सैन्यांनी जुनी काळी दारू टाकून दिली होती. अमेरिकेतील शिकारी मात्र अजून काळ्या दारूचाच बार काढत होता. बार उडाला की डोळ्यांपुढे धुराचा पडदा पसरे. हरिण पडले की पळाले, हे धूर विरल्यावरच कळे. काळ्या दारूच्या जोरावर गोळीचा वेग सेकंदास तेराशे-चौदाशे फुटांच्या आसपास असे. १८९४ ची रायफल प्रथम काळ्या दारूच्या दोन काडतुसांसाठीच विक्रीस निघाली. नव्या दारूचा दाब आणि उष्णता साध्या पोलादाच्या नळीला सोसण्याजोगी नव्हती, म्हणून निकेलमिश्रित पोलादाची नळी तयार होईपर्यंत थांबावे लागले. १८९५ मध्ये ती नळी आणि तिच्यासाठी नवे काडतूस, दोन्ही बाजारात आली. नळीचा व्यास इंचाचा तीस शतांश आणि दारूचे वजन तीस ग्रेन, म्हणून लोक त्याला 'थर्टी-थर्टी' म्हणू लागले. गोळीचा वेग सेकंदास सुमारे दोन हजार फुटांवर गेला, धूर नाहीसा झाला आणि खांद्याला बसणारा धक्काही बेताचाच राहिला.

आता ज्या समाजाच्या हाती ही रायफल पडली त्याच्याकडे पाहू. १८९० च्या शिरगणतीनंतर अमेरिकन सरकारने जाहीर केले, की वसाहतीची म्हणून जी सलग सीमारेषा आजवर दाखवता येत होती, ती आता उरलेली नाही. पश्चिमेच्या कुरणांवरील रानरेड्यांचे प्रचंड कळप त्यापूर्वीच निर्दयपणे संपवण्यात आले होते. मोठ्या जनावरांवर मोठ्या बंदुका चालवणाऱ्या व्यावसायिक शिकाऱ्यांचा काळ मावळला होता. आता बंदूक घेणारा माणूस होता तो शेतकरी, गुराखी, लाकूडतोड्या, खाणकामगार, रेल्वेवरचा मजूर. वर्षाकाठी थंडीच्या तोंडाशी काही दिवस सवड काढून तो रानात जाई आणि एखादे हरिण मिळाले तर घरी आणी. हिवाळ्यात त्याचे मांस घरी उपयोगी पडे. पेन्सिल्व्हेनिया, मेन किंवा मिशिगनच्या दाट रानात हरिण दिसे ते शंभर यार्डांच्या आत, आणि दिसे तेही पळभर. तेथे अर्धा मैल गोळी फेकणाऱ्या रायफलीचा उपयोग काय? चटकन खांद्याला लागणारी, झुडपांत न अडकणारी आणि पहिला नेम चुकलाच तर खांद्यावरून न काढता दुसरा बार देणारी रायफल त्याला हवी होती. विंचेस्टर ९४ नेमकी तशी होती.

शिकारीच्या बंदुकीसंबंधी एक गोष्ट पुस्तकी माणसांच्या ध्यानात येत नाही. ती दिवसभर वाहावी लागते आणि झाडावी लागते क्वचित, एकदा किंवा तीही नाही. म्हणून शिकाऱ्याचे मत बंदुकीविषयी बनते ते प्रायः चालताना बनते. या रायफलीचा आखूड प्रकार वजनाला साडेसहा पौंड, म्हणजे तीन किलोंच्याही थोडा आतच होता. लांबी अडतीस इंच, आपल्या जुन्या मापाने दोन हातांहून किंचित अधिक. तिचा तोल बरोबर यंत्राच्या सांगाड्याखाली येई, त्यामुळे ती एका मुठीत धरून दिवसभर चालता येई. दोन्ही बाजू सपाट, कोठे खुंटी नाही की दांडी बाहेर आलेली नाही. म्हणून घोड्याच्या खोगिराला बांधलेल्या चामडी म्यानात ती अलगद सरके आणि तितक्याच अलगद बाहेर येई. उजव्या-डाव्या हाताचाही भेद तिला नव्हता. डावखुऱ्या माणसाला पुढे आलेल्या पुष्कळ रायफलींनी छळले, हिने नाही.

आता त्या वृद्ध शेतकऱ्याच्या उत्तराकडे वळू. रायफल एकदाच घ्यायची असते, काडतुसे जन्मभर. विंचेस्टरची रायफल खपू लागली तशी तिची काडतुसे खेड्यातल्या किराणा दुकानातही पीठ-मिठाच्या शेजारी दिसू लागली. मौज अशी, की या प्रसाराला विंचेस्टरच्या प्रतिस्पर्ध्यांनीच हातभार लावला. मार्लिन कंपनीनेही त्याच काडतुसावर चालणारी रायफल काढली, आणि आपल्या मालावर विंचेस्टरचे नाव येऊ नये म्हणून त्या काडतुसाला साधे आकड्यांचे नाव वापरले. तेच 'थर्टी-थर्टी' नाव पुढे सर्वमुखी झाले. स्पर्धकांनी असे परस्परांचे बळ वाढवले. काडतूस सर्वत्र मिळते म्हणून माणूस रायफल घेई, आणि रायफली सर्वत्र आहेत म्हणून दुकानदार काडतुसे ठेवी. हे चक्र एकदा फिरू लागले, की नव्या आणि अधिक चांगल्या वस्तूलाही त्यात शिरणे अवघड जाते.

आपल्या देशात हेच कार्य वेगळ्या मार्गाने घडले, हे येथे सांगितले पाहिजे. सैन्याची काडतुसे ज्यात चालतील अशा रायफली सामान्य जनांच्या हाती असू नयेत, असे ब्रिटिश सरकारचे धोरण होते. तेव्हा सैन्यातील ली-एन्फील्ड रायफलीच्याच सांगाड्याला ऑस्ट्रियाच्या सैन्यातील मानलिखर काडतुसावर बेतलेले निराळे काडतूस जोडण्यात आले, आणि त्यातून ती .३१५ रायफल जन्मली. तिकडे दुकानाच्या फळीने निवड केली, इकडे कायद्याच्या कलमाने. पण सातपुड्यातला शेतकरी आणि पेन्सिल्व्हेनियातला शेतकरी, दोघांचे उत्तर अखेर एकच ठरले.

अशा वस्तूंचे आणखी एक लक्षण असते. त्या निर्मात्याने कल्पिलेल्या कामाबाहेर जातात. मेक्सिकोत १९१० मध्ये क्रांतीचा वणवा पेटला, तेव्हा बंडखोर शेतकऱ्यांच्या हाती या जातीच्या रायफली इतक्या होत्या, की त्या काडतुसाच्या नावाचेच एक लोकगीत त्या लढ्यातून पुढे आले. आपल्याकडे पोवाड्यात तलवारीला जे स्थान असते, ते तेथे एका कारखान्याच्या मालाला मिळाले. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानी आक्रमणाच्या भीतीने कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर १९४२ मध्ये रानावनाची माहिती असणाऱ्या स्थानिक लोकांचे एक रक्षक दल उभारले गेले, तेव्हा त्यांनाही याच रायफली देण्यात आल्या. लाकूडतोड्यांना आणि मच्छीमारांना नवे शस्त्र शिकवण्यास वेळ नव्हता. ही रायफल त्यांच्या हातांना आधीच ठाऊक होती.

तिच्यात उणिवा नव्हत्या असे मात्र कोणी समजू नये. नळीखालच्या नळकांड्यात काडतुसे एकापुढे एक अशी ओळीने राहतात; पुढच्या काडतुसाच्या बुडाशी मागच्या गोळीचे टोक टेकते. टोक अणकुचीदार असेल, तर धक्क्याने आतल्या आत बार उडण्याचे भय. म्हणून गोळीचे टोक चपटे ठेवावे लागे, आणि चपटी गोळी वाऱ्याला लवकर हार जाते. रिकामी पुंगळी वरच्या बाजूने उडत असल्यामुळे नेमाची दुर्बीण सरळ वर बसवता येत नसे. ही अडचण कंपनीने दूर केली ती १९८० नंतरच्या दशकात. अमेरिकन सैन्याने १९०६ मध्ये स्वीकारलेले काडतूस बळाने आणि पल्ल्याने थर्टी-थर्टीच्या कितीतरी पुढे होते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या हजारो तरुणांना ते काडतूस आणि ती खटक्याची रायफल चांगली परिचित होती. कागदावर तुलना केली असती, तर १९२० नंतर विंचेस्टर ९४ मागे पडावयास हवी होती. घडले उलटेच. दहा लक्षावी रायफल १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली गेली. पंधरा लक्षावी १९४८ मध्ये ट्रूमन यांना. आणि वीस लक्षावी १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांना. मधल्या काळात कंपनी स्वतः दिवाळ्यात निघाली, १९३१ च्या अखेरीस तिची मालकी ऑलिन घराण्याकडे गेली, महायुद्ध येऊन गेले; पण रायफलीचा खप थांबला नाही.

येथवरची कथा ऐकून कोणास वाटेल, की लोकप्रियतेची ही गणना आनंदाचीच आहे. परंतु या हिशेबात एक पक्ष अद्याप बोलला नाही. तो म्हणजे हरिण. सोपी, स्वस्त आणि खात्रीची रायफल घरोघर गेली, तिचे मोल कोणी तरी दिलेच. बाजारात मांस विकण्यासाठी होणारी बेसुमार हत्या आणि जंगलतोड आधीपासून चालू होतीच. त्यात या शस्त्राची भर पडली. एकोणिसावे शतक संपताना पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या संबंध अमेरिकेत पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आल्याचा अंदाज आहे. अनेक राज्यांतून ते जनावर जवळजवळ नाहीसे झाले. मग कायदा जागा झाला. एका राज्यात बेकायदा मारलेले जनावर दुसऱ्या राज्यात नेऊन विकण्यास १९०० च्या लेसी कायद्याने बंदी घातली. राज्याराज्यांनी शिकारीचे दिवस ठरवले, संख्येवर मर्यादा घातल्या. १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसे यांवरील अबकारी कराचे उत्पन्न वन्य प्राण्यांच्या पुनरुज्जीवनासाठी राज्यांना द्यावे, असे त्याने ठरवले. म्हणजे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक विंचेस्टरच्या किमतीतला काही भाग हरणांच्या खाती जमा होऊ लागला. आज त्या हरणांची गणना कोटींत होते.

प्रशासनात काम करणाऱ्या माणसाला हा प्रसंग फार बोलका वाटतो. रायफल इतकी वर्षे टिकली ती तिच्या पोलादामुळे असे आपण म्हणतो. पण तिचे सावज टिकले नसते, तर ते पोलाद गंजत पडले असते. सावज टिकले ते दप्तरातल्या कायद्यामुळे. आपण भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निराळा, अधिक कडक मार्ग पत्करला. शिकारीचा छंदच आपण संपवला. जो देश आपल्या वाघांची शिकार अभिमानाने छायाचित्रांत मिरवत होता, त्याला तसे करणे भागच होते. दोन्ही देशांत धडा मात्र एकच निघतो. साधन जितके सोपे आणि सुलभ, तितकी त्याच्यावरची मर्यादा स्पष्ट असली पाहिजे.

अखेरचे प्रकरण १९६४ चे. मजुरी वाढली होती. जुन्या पद्धतीने पोलादाचा ठोकळा कोरून कोरून भाग काढणे परवडेनासे झाले होते. कंपनीच्या चालकांनी हिशेब मांडला आणि रायफलीची बांधणी बदलली. काडतूस वर उचलणारा भाग पूर्वी भरीव पोलादातून घडवीत, तो आता पत्रा ठोकून बनू लागला. भरीव खिळ्यांच्या जागी पत्र्याच्या गुंडाळ्या आल्या. सांगाड्याचे द्रव्य बदलले, आणि त्यावर जुना खोल निळा-काळा रंग नीट चढेना. बार पूर्वीसारखाच उडे, हरिण पूर्वीसारखेच पडे. बदललेल्या भागांपैकी बहुतेक गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडणारेही नव्हते. हिशेबनिसाच्या दृष्टीने त्यात काहीच बिघडले नव्हते.

पण गिऱ्हाइकाला कळले. सत्तर वर्षे एकच वस्तू बापाच्या हातातून मुलाच्या हातात गेलेली असली, की दांडा ओढताना होणारा आवाजही पुढच्या पिढीच्या कानाला ओळखीचा झालेला असतो. तो आवाज बदलला. दुकानात नवी रायफल हाती घेऊन माणूस ती मागेपुढे करून पाही आणि घरच्या जुन्या रायफलीची आठवण काढी. पाहता पाहता 'चौसष्टच्या आधीची' हा शब्दप्रयोग रूढ झाला, आणि जुन्या वापरलेल्या रायफलीला नव्या कोऱ्या रायफलीहून अधिक मान मिळू लागला. खप एकदम घसरला असे नाही. पुढच्या काळात लाखो रायफली विकल्या गेल्या. परंतु त्यांत शोभेच्या आवृत्त्यांचा भरणा होऊ लागला. कंपनीच्या शताब्दीची १९६६ मध्ये एक, बफेलो बिलच्या नावाची १९६८ मध्ये दुसरी, आणि अशा कितीतरी. जी रायफल खोगिराच्या म्यानात मळत असे, ती आता पेटीत जपून ठेवण्याची किंवा भिंतीवर टांगण्याची वस्तू झाली. कंपनीने पुढे अनेक दोष सुधारले, साहित्यही बदलले. पण 'चौसष्टच्या आधीची' हे शब्द शिकाऱ्यांच्या जिभेवरून गेले नाहीत.

पुढे १९७९-८० मध्ये न्यू हेवनच्या कारखान्यात मोठा संप झाला आणि मालकांनी तो कारखाना विकून टाकला. नव्या कंपनीने तो काही काळ चालवला, तीही दिवाळ्यात निघाली, आणि मालकी पुन्हा बदलली. अखेर ३१ मार्च २००६ रोजी तो बंद झाला. ज्या गावात पिढ्यान् पिढ्या माणसे रायफलीच्या नळ्या घासून पोटे भरत होती, तेथले ते काम थांबले. २०१० पासून ही रायफल पुन्हा तयार होऊ लागली, पण ती जपानात, मिरोकू या कंपनीच्या कारखान्यात. जाणकार सांगतात, की तिची घडण उत्तम आहे. अमेरिकन शेतकऱ्याच्या खोगिराला लटकणारी रायफल पॅसिफिक महासागर ओलांडून यावी, हा इतिहासाचा एक विचित्र खेळच म्हणावयाचा.

श्रोतेहो, या सर्व कथेतून मला दिसते ते असे. विंचेस्टर ९४ ही तिच्या काळातली सर्वांत बलवान, सर्वांत अचूक किंवा सर्वांत सुंदर रायफल कधीच नव्हती. ती लोकप्रिय झाली, कारण ती सामान्य माणसाच्या हाताला, त्याच्या रानाला, त्याच्या खिशाला आणि त्याच्या गावच्या दुकानाला एकाच वेळी जुळली. ती लोकप्रिय राहिली, कारण पहिल्या रायफलीत जे पोलाद होते तेच विसाव्या लाखाच्या रायफलीतही असणार, असा माणसाला भरवसा वाटला. हा भरवसा गिऱ्हाईक ज्या भागांकडे पाहत नाही त्यांत साठवलेला असतो, आणि म्हणूनच हिशेबाच्या वहीत तो दिसत नाही. कारखाना असो की कचेरी, काटकसर करणाऱ्याची नजर पहिल्यांदा अशाच न दिसणाऱ्या जागी जाते. तेथे वाचवलेला पैसा लगेच दिसतो. तेथे गमावलेली पत दिसण्यास काही वर्षे लागतात.

निवडणूक पार पडली आणि जमा केलेली शस्त्रे परत देण्याचा दिवस आला. तो वृद्ध शेतकरी पुन्हा ठाण्यात आला. शिपायाने रायफल पुढे केली, तेव्हा त्याने प्रथम पावती दाखवली नाही, की नोंदवहीवर अंगठाही उमटवला नाही. त्याने रायफल हाती घेतली, नळीचे तोंड जमिनीकडे धरून खटका एकदा मागे ओढला, कान देऊन ऐकला आणि पुढे केला. आपली आहे याची खात्री झाल्यावर मग तो अंगठा उमटवण्यास वळला.